चांदणी चौकाचा इंटरचेंज, अडीच वर्षं रोज वापरून

मी मुळशीच्या बाजूला भुगावला राहतो, कामाला कोथरूडला, सासुरवाडी कराडची आणि सख्खा भाऊ वाकडला, त्यामुळे पुण्याच्या पश्चिम टोकाचा चांदणी चौक मला चुकतच नाही. रोज दोनदा आरपार, महिन्यातून एकदा तरी साताऱ्याच्या दिशेला आणि रविवारी बऱ्याचदा मुंबईच्या दिशेला. 12 ऑगस्ट 2023 ला तिथल्या इंटरचेंजचं, म्हणजे रस्ते एकमेकांना न कापता वरखाली जोडणाऱ्या पूल आणि रॅम्पच्या (चढ-उताराच्या जोडरस्त्यांच्या) जाळ्याचं, नितीन गडकरींच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हापासून वापरतोय, स्कूटरवर, कारने, भर पावसात, रात्री अकराला, गणपतीच्या आदल्या दिवशी, आणि मधे गाडी गॅरेजला होती तेव्हा पंधरा दिवस पायी आणि बसने पण. आत्ता लिहायचं कारण असं की आता जिथे ट्रॅफिक तुंबतं तिथे लोक म्हणतात इथे पण चांदणी चौकासारखं करा. नवले पुलाला करा, भूमकर चौकात करा, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर दर आठवड्याला कोणीतरी म्हणतंच. तिथे ते बसेल का, परवडेल का आणि करून नेमकं काय हाती लागेल हे ज्यांना ठरवायचंय त्यांनी आधी जो बांधून झालाय तो नीट बघावा असं मला मनापासून वाटतं.

ज्यांनी जुना चौक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं. खालून मुंबई-बंगळुरू हायवे, वरून एनडीएकडून (खडकवासल्याची संरक्षण प्रबोधिनी) पाषाणकडे जाणारा जुना पूल, आणि त्या पुलाखाली जेवढ्या लेन मावतील तेवढ्याच. दोन्ही बाजूंनी ऐसपैस येणारा हायवे पुलाखाली आला की एकदम चिंचोळा व्हायचा, त्यात मुळशीकडून येणारी गाडी मधे घुसायची, बावधनहून उतरणारी मधे घुसायची, एसटी आणि ट्रॅव्हल्सवाले कडेला थांबून प्रवासी घ्यायचे, बाजूला डोंगर असल्यामुळे रस्त्याला सरकायला जागाच नाही. भुगाव ते कोथरूड डेपो हे अंतर किती, तर काहीच नाही, पण मला शुक्रवारी संध्याकाळी पाऊण तास लागलेला आहे आणि तेव्हा त्याचं नवल पण वाटायचं नाही. ऑगस्ट 2022 मध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे साताऱ्याला निघाले असताना याच कोंडीत अडकले, लोकांनी तिथेच गाऱ्हाणं घातलं आणि मग चक्रं फिरली. 1 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे 2 तारखेला, सुमारे 600 किलो स्फोटकं लावून जुना पूल उडवला. आम्ही सगळे टीव्हीसमोर जागे होतो. पूल एका धमाक्यात पूर्ण पडला नाही, आतल्या सळयांनी सांगाडा धरून ठेवला होता आणि उरलेला भाग मशीन लावून पाडावा लागला, सकाळपर्यंत हायवे बंद.

पण माझ्या मते खरी गोष्ट स्फोटाची नाहीये, त्याच्या आधीच्या पाच वर्षांची आहे. भूमिपूजन ऑगस्ट 2017 ला झालं होतं. मधली वर्षं मुख्यतः जमिनी ताब्यात येण्यात गेली, कारण रॅम्प काढायचा म्हणजे कोणाचं तरी घर, कोणाचं दुकान, कोणाच्या प्लॉटचा कोपरा जाणार, आणि त्याचा मोबदला ठरेपर्यंत कागद हलत नाही. म्हणून कोणी इंटरचेंज शक्य आहे का असं विचारलं की मी आधी जमीन कोणाची ते विचारतो. काँक्रीटचं काम एकदा जागा मिळाली की वर्ष-दीड वर्षात उभं राहतं हे आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

आता वापरून कसा आहे ते.

हायवेवरून सरळ जाणाऱ्यासाठी उत्तम, त्यात मला काहीच शंका नाही. वाकडहून वारज्याला जाताना आता चौक कधी आला आणि कधी गेला कळत नाही, कडेचा खडक फोडून लेन वाढवल्यात आणि वरचा नवा पूल एवढा लांब आहे की खाली कुठे अडकल्यासारखं होत नाही. साधारण 865 कोटींचा खर्च आणि रॅम्प, सर्व्हिस रोड सगळं धरून जवळपास 17 किलोमीटरचे रस्ते, त्याचा सगळ्यात मोठा फायदा या सरळ जाणाऱ्या गाड्यांना झालाय. बंगळुरूहून मुंबईला जाणाऱ्या ट्रकवाल्याला चांदणी चौकाचं नाव पण आता लक्षात ठेवायची गरज नाही.

वळणाऱ्यांचं मात्र वेगळं आहे, आणि इथे जरा हिशोब करून बघा म्हणजे या चौकाची अडचण कळेल. साधा चार रस्त्यांचा चौक असेल तर प्रत्येक रस्त्यावरून येणाऱ्याला तीन पर्याय, डावीकडे, सरळ, उजवीकडे, म्हणजे एकूण 12 हालचाली. डावीकडे वळणारा कोणाच्या आड येत नाही, सरळ जाणाऱ्यांना पुलाने वरखाली करता येतं, मग भांडण उरतं ते उजव्या वळणाचं. आपल्याकडे चांदणी चौकात नुसता हायवे आणि पौड रोड (मुळशी-कोथरूड रस्ता) धरला तरी चार उजवी वळणं होतात, मुळशीकडून साताऱ्याला, कोथरूडकडून मुंबईला, मुंबईकडून मुळशीला आणि साताऱ्याकडून कोथरूडला. त्यात पाषाण-बावधनचा रस्ता आणि एनडीएचा रस्ता मिळवा, म्हणजे सहा तोंडं, प्रत्येकाला पाच दिशा, झाल्या 30 हालचाली. या तीसच्या तीस एकमेकींना न कापता सोडवायच्या, तेही एका बाजूला वेदभवनची टेकडी आणि दुसरीकडे वस्ती असताना, हे काम सोपं नाहीच. पुस्तकातलं चार पाकळ्यांचं क्लोव्हरलीफ इथे मावलंच नसतं, त्याला प्रचंड सपाट जागा लागते आणि त्यातही एका पाकळीतून हायवेवर चढणारा आणि लगेच पुढच्या पाकळीत उतरणारा हे एकाच तुकड्यात एकमेकांना आडवे जातात. म्हणून इथे जागा मिळेल तसे रॅम्प, अंडरपास आणि सर्व्हिस रोड जोडत नेलेत. जागेच्या मानाने इंजिनिअर लोकांनी चांगलं काम केलंय हे मी प्रामाणिकपणे म्हणतो.

त्याची किंमत मात्र नवा माणूस मोजतो. पहिल्या दोन-तीन महिन्यात मी स्वतः, इथे बारा वर्षं राहणारा माणूस, दोनदा चुकलो. कराडहून आलेल्या मेहुण्याला भुगावला यायचं होतं, तो चुकीच्या फाट्याला लागला आणि बावधनमधून फिरून आला, नंतर तो मला म्हणाला दाजी तुमच्या चौकात एकदा चुकलं की परत चौकात यायला वेळ लागतो. हे अगदी बरोबर आहे. जुन्या चौकात चुकलात तर शिव्या खात का होईना तिथेच वळता यायचं, इंटरचेंजमध्ये एक फाटा हुकला की पुढच्या वळणापर्यंत जावंच लागतं. त्यामुळे बोर्ड हा इथे रस्त्याइतकाच महत्त्वाचा भाग आहे, आणि तो फाट्याच्या तोंडावर असून उपयोग नाही, दोन-तीनशे मीटर आधी पाहिजे, मग परत तोंडावर पाहिजे, रात्री हेडलाईटमध्ये चमकला पाहिजे आणि त्यावर मराठीत मोठ्या अक्षरात मुळशी, कोथरूड, सातारा, मुंबई असं गावाचं नाव पाहिजे. आता बोर्ड पुष्कळ बरे झालेत पण सुरुवातीला गोंधळ खूप झाला. मोबाईलच्या नकाशात रस्ता सांगणारी बाई पण तेव्हा चुकायची, वरच्या रस्त्यावर असलो तरी तिला वाटायचं खालच्या रस्त्यावर आहे. माझ्या भावाने तर पहिले सहा महिने चांदणी चौक टाळून सुसवरून यायचं धोरण ठेवलं होतं.

स्कूटरवाल्यांसाठी अजून एक गोष्ट लिहितो कारण ती कुठे कोणी लिहिलेली बघितली नाही. रॅम्पवरून उतरून हायवेला मिळताना कारवाल्याला वेग वाढवून मिसळता येतं, आपल्याला 110 सीसीच्या गाडीवर, मागे मुलगी बसलेली, उजवीकडून ट्रक येतोय, अशावेळी तो मिसळायचा तुकडा फार आखूड वाटतो. मी सरळ सर्व्हिस रोड धरतो, पाच मिनिटं जास्त गेली तरी चालतील. वाहतूक मोजताना दुचाकी ही अर्ध्या कारच्या आसपास धरतात आणि ट्रक-बस तीन कारच्या, कारण मोजायचं असतं रस्त्यावर किती जागा व्यापली ते. जागेसाठी ते बरोबर असेल पण त्या अर्ध्या कारवर दोन अख्खी माणसं बसलेली असतात आणि पुण्यात तर निम्मा रस्ता तोच आहे.

आणि आता माझी सगळ्यात मोठी तक्रार, पायी चालणाऱ्याची. चांदणी चौक हा पुण्याचा पश्चिमेकडचा एसटी स्टँडच होता म्हणा ना, कागदावर नसला तरी. साताऱ्या-कोल्हापूरकडे जाणारा, मुंबईकडे जाणारा, मुळशीतून पीएमपीने (पुण्याच्या शहर बसने) येऊन लांब पल्ल्याची गाडी पकडणारा, सगळे इथेच उभे राहायचे. एवढा मोठा इंटरचेंज उघडला तेव्हा हायवे पायी ओलांडायला पादचारी पूल तयार नव्हता. लोक काय करणार, दुभाजकावर चढून पळत ओलांडायचे. आधी गाड्या रांगत होत्या तेव्हा पळणं धोक्याचं होतंच, आता त्याच गाड्या ऐंशीने येतात. माझ्या सासूबाई 68 वर्षांच्या, कराडहून एसटीने येतात, हातात तांदळाची पिशवी आणि नातीसाठी काहीतरी डब्यात. एकदा कंडक्टरने त्यांना हायवेच्या कडेला, जिथे फुटपाथ पण नाही अशा ठिकाणी उतरवलं, मी पलीकडच्या सर्व्हिस रोडला उभा, त्या मला दिसतायत, मी त्यांना दिसतोय, आणि मधे सगळा हायवे. मी हात करून ओरडत होतो की तिथेच थांबा, ओलांडू नका, आणि गाडी घेऊन फिरून त्यांच्यापर्यंत पोचायला मला पंधरा मिनिटं लागली. ती पंधरा मिनिटं मी विसरणार नाही. नंतर पादचारी पुलाची मागणी झाली, आंदोलनं झाली, तो विषय पुढे सरकला, पण मुळात नकाशा काढतानाच तो पहिल्या कागदावर का नसावा हा माझा प्रश्न आहे. इंटरचेंज व्यवहार्य आहे का बघताना गाड्यांची मोजणी करतात, सलग सात दिवस चोवीस तास माणसं बसवून किंवा कॅमेरे लावून करतात, मग त्याच कॅमेऱ्यात कडेला बॅग घेऊन उभी असलेली माणसं पण दिसतच असणार की, ती पण मोजा.

दुसरी गोष्ट टोकांची. रॅम्प सुरेख आहे, पण तो जिथे जाऊन संपतो तिथे काय? मुळशीच्या बाजूला चौकातून मी दोन मिनिटात सुटतो आणि भुगाव गावठाणात जाऊन अडकतो, कारण तिथला रस्ता तोच जुना, दोन्ही बाजूला दुकानं, लग्नाचा हॉल असला तर बघायलाच नको. पलीकडे कोथरूडला उतरलं की डेपोपासून सिग्नल सुरू. म्हणजे पूर्वी मी एका ठिकाणी पाऊण तास उभा असायचो, आता दोन ठिकाणी मिळून वीस-पंचवीस मिनिटं. फरक आहे, मोठा फरक आहे, रोजचा अर्धा तास घरच्यांना मिळतोय आणि त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. पण कोंडी संपलेली नाही, ती सरकलीय. शिवाय चौक सुटला म्हणून भुगाव-पिरंगुटच्या बाजूला नव्या इमारतींच्या जाहिरातीत चांदणी चौकापासून इतक्या मिनिटांवर असं यायला लागलं, म्हणजे गाड्या अजून वाढणार. भुगावला बाहेरून रस्ता काढायचं कधीपासून ऐकतोय, तो आणि इंटरचेंज हे एकाच कामाचे दोन भाग म्हणून एकत्र व्हायला हवे होते असं माझं ठाम मत आहे.

आता नवले पुलाकडे येतो, कारण मागणी सगळ्यात जास्त तिथली आहे आणि तिथला प्रश्न सगळ्यात गंभीर आहे. 20 नोव्हेंबर 2022 ला तिथे एका ट्रकने जवळपास 48 गाड्यांना धडक दिली होती. 13 नोव्हेंबर 2025 ला कंटेनरने गाड्या चिरडल्या, आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. त्या दिवशी आम्ही कराडला निघायच्या तयारीत होतो, बातमी बघून बॅगा परत आत ठेवल्या. त्यानंतर साहजिकच सगळे म्हणाले चांदणी चौकासारखं काहीतरी करा. मला राग येत नाही त्या मागणीचा, मी पण हळहळलोच, पण मी दोन्ही ठिकाणं नेहमी वापरतो आणि मला वाटतं दोन्ही दुखणी वेगळी आहेत. चांदणी चौकात रस्ता अडत होता, नवले पुलाला रस्ता घसरवतो. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की सलग उतार, भरलेला ट्रक त्यावर उतरताना नुसत्या ब्रेकवर आला तर ब्रेक तापून निकामी होतात, काही ड्रायव्हर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकतात म्हणजे इंजिनची पकड पण गेली, आणि उताराच्या शेवटी नऱ्हे, धायरी, सिंहगड रोडकडची स्थानिक गर्दी उभी. तिथे नुसते रॅम्प काढले तर त्याच उतारावर अजून गाड्या आणून मिसळल्यासारखं होईल. तिथे आधी लांब पल्ल्याची अवजड वाहनं आणि गावातली वाहनं वेगळी झाली पाहिजेत, मग तो उन्नत मार्ग असो, ज्याची चर्चा चाललीय, किंवा एमएसआरडीसीचा (राज्य रस्ते विकास महामंडळाचा) रिंग रोड लवकर पूर्ण होऊन ट्रक शहरात यायचेच थांबोत. तोपर्यंत बोगद्याच्या तोंडाशीच अवजड गाड्या थांबवून ब्रेक तपासणं आणि वेग कडक बांधणं, ते स्वस्त आहे आणि उद्यापासून होऊ शकतं.

भूमकर चौकाचं, पुनावळ्याचं दुखणं अजून तिसरंच. तिथे हायवे वरून जातो, माणसं खालच्या भुयारी मोऱ्यांतून हिंजवडीला जातात, आणि मोरी अरुंद. तिथे माझ्या मते इंटरचेंजपेक्षा मोऱ्या रुंद करणं आणि संख्येने वाढवणं जास्त कामाचं ठरेल, कारण तिथल्या बहुतेक गाड्यांना हायवेवर जायचंच नाहीये, पलीकडे जायचंय. हे चांदणी चौकात उलटं होतं. म्हणून म्हणतो की एकाचं बघून दुसरीकडे तसंच्या तसं उचलून ठेवू नका.

मार्क द्यायचे तर हायवेवर सरळ जाणाऱ्याकडून पाचपैकी पाच, मुळशी-कोथरूड रोज जाणाऱ्याकडून साडेतीन, स्कूटरवाल्याकडून तीन आणि पायी माणसाकडून एक. माझं मत बदलू शकतं, कारण जून 2025 मध्ये केंद्राने वनाज ते चांदणी चौक मेट्रोला मंजुरी दिलीय, सव्वा किलोमीटरही नाही एवढंच अंतर, दोनच स्टेशन, कोथरूड डेपो आणि चांदणी चौक. हे स्टेशन नीट बसवलं तर सातारा बाजूची एसटी, मुंबई बाजूची एसटी, मुळशीची पीएमपी आणि मेट्रो हे चारही रस्त्यावर पाय न ठेवता जोडता येतील, छपराचा पूल, दोन्ही सर्व्हिस रोडला लिफ्ट, एसटीला थांबायला हायवेपासून आत घेतलेली जागा. आमच्या भागातल्या लोकांना माझी विनंती आहे की मेट्रो मंजूर झाली म्हणून नुसते फटाके वाजवू नका, स्टेशनचे नकाशे बघायला मागा, जिने कुठे उतरतात ते विचारा, काँक्रीट ओतल्यावर ते सरकत नाहीत.

सासूबाईंचं म्हणाल तर त्या हल्ली वारज्यालाच उतरतात. कात्रज मागे पडलं की फोन करतात, मी चांदणी चौक पार करून जातो आणि वारज्याच्या सर्व्हिस रोडला गाडी लावून त्यांची वाट बघतो.